कूलंट गळतंय? आधी वर्तमानपत्र अंथरा, पाना नंतर

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "साहेब, तुमच्या बाइकखाली रोज हिरवं पाणी असतं." मी दुर्लक्ष केलं. पावसाळा होता, पार्किंगमध्ये सगळ्यांच्याच गाड्यांखाली पाणी असायचं. आठवडाभराने ताम्हिणी चढताना डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला, तेव्हा काकांचा "हिरवं" हा शब्द आठवला. ते पावसाचं पाणी नव्हतं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट होतं.

गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला थेंब लोंबत होता. निदान झालं : "रेडिएटर गेला, नवीन टाकावा लागेल." मी गाडी तशीच घरी आणली आणि रविवारी स्वतः शोधलं. रेडिएटर ठणठणीत होता. गळत होतं वरच्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, क्लिपपाशी. तिथून पाणी रेडिएटरच्या कडेने खाली ओघळायचं आणि खालच्या कोपऱ्यावर थेंब होऊन थांबायचं. दुरुस्तीचा खर्च एका क्लिपचा.

म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहिलंय. थेंब जिथे लोंबतो तिथे गळती असेलच असं नाही. ती बहुधा त्याच्या वर असते, आणि गाडी चालवताना वाऱ्याने पाणी मागे ढकललं जात असल्यामुळे पुष्कळदा थोडी पुढेही असते.

आधी कुकर समजून घ्या

लिक्विड कूल्ड बाइकची, म्हणजे इंजिनातून कूलंट (पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण) फिरवणाऱ्या बाइकची, कूलिंग सिस्टिम म्हणजे घरातला प्रेशर कुकर. रेडिएटरची कॅप ही त्याची शिट्टी. बऱ्याच गाड्यांच्या कॅपवर 1.1 हा आकडा असतो, म्हणजे वातावरणापेक्षा साधारण 1.1 बार जास्त दाब ती धरून ठेवते. कुकरही जवळपास तेवढाच धरतो, आणि म्हणूनच कुकरमधलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. पाण्यात निम्मं ग्लायकोल असलं की उकळबिंदू आणखी वर जातो. कॅप सैल झाली, की हा सगळा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर, साधारण 1,350 मीटरला, उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या इंजिनाला ते परवडत नाही.

कॅपमध्ये दोन झडपा असतात. कूलंट तापून फुगलं की मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बारीक नळीतून बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत जातं. इंजिन थंड झालं की छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढून घेते. म्हणजे त्या टाकीतली पातळी थोडी वरखाली होणं नैसर्गिक आहे. पातळी दर आठवड्याला फक्त खालीच जात असेल, तर ते कूलंट कुठेतरी जातंय.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ही चूक लोक अजून करतात : इंजिन गरम असताना कॅप उघडायची नाही. शिट्टी न काढता कुकरचं झाकण ओढल्यावर जे होईल, तेच इथे होतं, फक्त तुमचा चेहरा बरोबर वर असतो. निदान पाऊण तास थांबा. मग वरचा होज हाताने दाबून पाहा. मऊ लागला, दाब उरला नाही असं वाटलं, की जाड कापड धरून कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, आणि मगच पूर्ण काढा.

हे कूलंटच आहे ना?

गाडीखाली ऑइल पडतं, पेट्रोल पडतं, पावसाचं साठलेलं पाणी पडतं. कूलंट ओळखायला सोपं आहे. हिरवा, निळा, गुलाबी किंवा नारिंगी रंग, बोटांमध्ये चोळल्यावर किंचित बुळबुळीत, आणि वास गोडसर. चव घेऊन पाहणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, इथिलीन ग्लायकोल विषारी आहे. याच गोडपणामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं सांडलेलं कूलंट चाटतात, आणि थोड्याशा कूलंटनेही ती मरू शकतात. त्यामुळे डाग दिसला की आधी भरपूर पाणी ओतून फरशी धुऊन काढा.

कधी कधी गळती नसतेच. सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी उदार हाताने प्लास्टिकची टाकी वरच्या रेषेच्याही वर भरलेली असते. गाडी तापली की जादा कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पडतं. दोन-तीन दिवसांत पातळी जागेवर येते आणि पडणं थांबतं. ही शक्यता आधी निकालात काढा : गाडी सरळ उभी धरून, इंजिन थंड असताना, पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे का पाहा. साइड स्टँडवर तिरक्या गाडीची पातळी वाचून काही उपयोग नाही.

शोध

रात्री गाडी लावताना इंजिनाखाली वर्तमानपत्राचं पान सरळ पसरा. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. पुढच्या चाकाची बाजू पेनाने कागदावर लिहून ठेवा, नाहीतर सकाळी कागद उचलल्यावर पुढचं-मागचं कळत नाही. डाग पुढे, रेडिएटरच्या रेषेत असेल तर रेडिएटर, होज किंवा कॅपकडे संशय. इंजिनाच्या एका बाजूला, वॉटर पंपाच्या खाली असेल तर पंप. ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाखाली असेल तर कॅप किंवा टाकी.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवा, पण प्रेशरच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या जाळीवर थेट मारू नका. त्या अॅल्युमिनियमच्या पातळ पापण्या लगेच आडव्या पडतात आणि हवा अडते. साध्या पाइपने धुवा, पूर्ण वाळू द्या. फेअरिंग (बाजूचं प्लास्टिकचं आवरण) असेल तर काढा. काही गाड्यांत पेट्रोलची टाकीही उचलावी लागते, कारण कॅप तिच्याखाली दडवलेली असते. कोणी असा विचार केला असेल, देव जाणे.

आता घरातली टाल्कम पावडर घ्या. मऊ ब्रशने होजच्या जोडांवर, रेडिएटरच्या दोन्ही कडांवर, पंपाच्या झाकणाभोवती हलका थर द्या. इंजिन चालू करून पंखा लागेपर्यंत गाडी उभी ठेवा, मग बंद करा आणि टॉर्च घेऊन बसा. पंख्यापासून बोटं लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो फिरतो. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ स्पष्ट उठते. त्या रेघेचा वरच्या दिशेने मागोवा घेत जायचं. माझ्या गाडीवर ती रेघ रेडिएटरच्या कडेवरून सरळ चढत वरच्या क्लिपपाशी जाऊन संपली. होज रेडिएटरच्या ज्या नळीवर चढतो तिच्या टोकाला एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला बसली पाहिजे. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ती बरोबर उंचवट्यावर बसवली होती. थंड असताना कोरडं, दाब आला की थेंब.

जुनी, हळू गळती असेल तर पावडरीचीही गरज पडत नाही. कूलंट वाळल्यावर मागे पांढरी-हिरवी पापुद्र्यासारखी साय राहते. होजच्या टोकाशी, बोल्टच्या डोक्याभोवती ती साय शोधा.

तरी सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लागतो. कॅपच्या जागी बसणारा हातपंप असतो हा, चांगल्या गॅरेजमध्ये किंवा कारच्या रेडिएटरवाल्याकडे मिळतो. फक्त बाइकच्या छोट्या तोंडाला बसणारा अॅडाप्टर आहे का विचारा. थंड इंजिनावर कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. काटा पाच-दहा मिनिटं जागेवर राहिला तर बाहेर गळती नाही. उतरत गेला तर कुठूनतरी निघतंय. इंजिन थंड असताना आणि दाबाखाली शोधण्याचा फायदा असा, की थेंब गरम इंजिनावर उडून जात नाही.

कुठे काय करायचं

*कॅप.* सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. उलटी करून रबरी रिंग पाहा : भेग, दबलेला खड्डा किंवा ताठरपणा दिसला की बदला. लक्षणंही ठरलेली असतात. टाकी गरम असताना भरून वाहते, पण थंड झाल्यावर कूलंट परत ओढलं जात नाही. किंवा उलट, थंड झाल्यावर वरचा होज चिपाडासारखा आत ओढला जातो, म्हणजे छोटी झडप अडकलीय. नवीन कॅप घेताना आकडा तोच घ्या. जास्त आकड्याची कॅप लावून गाडी "जास्त थंड" राहत नाही, फक्त सगळ्यात कमकुवत जोड आधी फुटतो. ज्या तोंडावर कॅप बसते तिथली बैठकही कापडाने पुसून पाहा.

*होज आणि क्लिप.* गार असताना होज दोन बोटांनी दाबा. निरोगी होज दबतो आणि परत येतो. टोकाशी भेगा, कुरकुरीत आवाज, किंवा ऑइल लागून चिकट-फुगीर झाला असेल तर बदला. फक्त क्लिप सरकली असेल तर कूलंट थोडं काढून होज सोडवा. तो चिकटलेला असतो. गोल फिरवून मोकळा करा, स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, रेडिएटरची अॅल्युमिनियमची नळी मऊ असते आणि तिला चरा पडला की नवा होजही गळतो. नळीवरचा पांढरा गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा, थोडं कूलंट लावून होज पूर्ण आत बसवा, क्लिप उंचवट्याच्या मागे. स्क्रूची पट्टी असेल तर घट्ट म्हणजे रबर पट्टीतून बाहेर फुगेपर्यंत नव्हे. स्प्रिंगची क्लिप ढिली झाली असेल तर पकडीने वाकवून "टाइट" करण्याचा प्रयोग मी दोनदा केलाय, दोन्ही वेळा फसला. नवीनच घ्या.

*ड्रेन बोल्ट.* कूलंट बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती असेल तर आधी इथे पाहा. त्याखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा हवा. जुनाच लावून, गळतंय म्हणून आणखी आवळलं, की अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि वॉशरचं काम हेलिकॉइलपर्यंत, म्हणजे भोकात नवे आटे बसवण्यापर्यंत, पोचतं. अशा लहान 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

*वॉटर पंप.* इथे थोडं थांबू, कारण इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात : कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील, इंजिन ऑइलच्या बाजूला ऑइल सील. या दोघांच्या मधल्या पोकळीतून खाली एक बारीक भोक काढलेलं असतं. ते मुद्दाम दिलेलं आहे. एखादं सील गेलं तर कूलंट ऑइलमध्ये मिसळण्याआधी या भोकातून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, यासाठी. तिथून कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील, दोन्ही आलं तर दोन्ही. आणि इथेच एम-सील भरून "गळती बंद" करणारे मेकॅनिक आहेत. गळती बंद होत नाही, आतल्या आत इंजिन ऑइलकडे वळते. कुणी ते भोक बुजवायला निघालं तर हात धरा.

दुरुस्ती म्हणजे सील बदलणं. कूलंट काढा, आणि क्लच कव्हर उघडावं लागणार असेल तर ऑइलही काढा. पंपाच्या झाकणाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून त्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवा. इम्पेलर (पंपाचं पात्यांचं चाक) सोडवण्याआधी आटे सरळ आहेत की उलटे हे मॅन्युअलमध्ये बघा. जुनं सील काढल्यावर दांड्यावरून नख फिरवा. सील घासून पडलेल्या खाचेत नख अडकलं तर नुसतं सील बदलून चालणार नाही, दांडाही बदला. नवं सील बाहेरच्या कडेएवढ्या मापाच्या गोटीने (सॉकेटने) सरळ दाबत बसवा, मधल्या गुळगुळीत तोंडाला बोटाचा चिकटपणाही लागू देऊ नका. ऑइल सीलच्या ओठाला थोडं ग्रीस चालतं, मेकॅनिकल सीलच्या तोंडाला नाही. झाकणाची ओ-रिंग किंवा पॅकिंग नवीन. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून करा. कव्हर उघडून अडकलेली गाडी टेम्पोत घालून न्यावी लागणं महाग पडतं.

*रेडिएटर.* पुढच्या चाकाने उडवलेल्या खडीने नळीला बारीक भोक पडतं. अॅल्युमिनियमच्या नळीला आरगॉन वेल्डिंग करणारे कारागीर शहरात मिळतात, पण भोक जाळीच्या आतल्या अरुंद नळीत असेल तर त्यांचाही हात पोचत नाही. प्लास्टिकच्या कडेच्या टाक्या असलेल्या रेडिएटरचा पत्र्याचा मुडपलेला जोड सुटला असेल, तर बदलणंच बरं. नवा बसवल्यावर जाळीचा गार्ड लावा.

पावडर आणि बाटलीतले "लीक स्टॉप" यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात हे मला माहीत आहे, आणि जुन्या ट्रकच्या रुंद नळ्यांना ते चालूनही जात असेल. बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या अरुंद असतात. भोक बुजवणारी वस्तू नळीही बुजवते.

आतली गळती

बाहेर कुठेही थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय. मग नजर हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगकडे. ऑइल भरण्याचं झाकण उघडून पाहा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर गाडी चालवू नका. आता बेअरिंग धोक्यात आहेत. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत वाफ साठूनही ती येते. खात्री करायला ऑइलच्या काचेतून किंवा डिपस्टिकवर मुख्य ऑइल पाहा.

दुसरी परीक्षा : थंड इंजिन, कॅप काढलेली, गाडी चालू. सुरुवातीला काही बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. पण थांबायचं नावच घेत नाहीत, रेस दिली की वाढतात, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. सायलेन्सरमधून तापल्यानंतरही येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर हीच साक्ष देतो. हेड उघडण्याचं काम गॅरेजला द्या, पण नुसतं पॅकिंग बदलून परत लावत असतील तर हेडची सपाटी पट्टीने तपासली का, हे विचारा. एकदा जबर तापलेलं हेड वाकलेलं असू शकतं, आणि वाकलेल्या हेडखाली नवं पॅकिंग फार दिवस टिकत नाही.

परत भरणं

जुनं कूलंट गंजकट किंवा गढूळ निघालं तर डिस्टिल्ड वॉटरने एक-दोनदा धुऊन घ्या. नळाचं पाणी नको. पुण्यातल्या बोअरचं तर नकोच, बादलीला बसणारा पांढरा थर आठवा. कूलंट कोणतं, हे रंगावरून ठरवू नका. रंगाचा कुठलाही ठरलेला नियम नाही आणि दोन कंपन्यांची हिरवी कूलंट वेगळी असू शकतात. मॅन्युअलमधला प्रकार घ्या, दोन प्रकार मिसळू नका. बाटलीवर "तयार मिश्रण" लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं.

हळू ओता. दर दोन-तीन घोटांनंतर होज हाताने दाबत राहा, हवा गुडगुडत वर येते. गाडी दोन्ही बाजूंना थोडी झुकवा. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय कूलंट येईपर्यंत ढिला ठेवा. मग कॅप न लावता दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, हलकी रेस द्या, पातळी खाली गेली की भरा, कॅप लावा. टाकी दोन रेषांच्या मध्ये. आता पंखा लागेपर्यंत उभी चालवा. पंखा लागला नाही आणि तापमान चढतच राहिलं, तर हवा अडकलीय किंवा पंख्याच्या स्विच-फ्यूजचं वेगळं प्रकरण आहे. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा पाहा, थोडी उतरलेली असणारच.

पहिल्या फेरीला निघण्याआधी मागचं टायर आणि त्याच्या पुढचा इंजिनाचा पोटाचा भाग साबणाच्या पाण्याने पुसा. ग्लायकोल टायरवर ऑइलसारखंच निसरडं असतं आणि डांबरावरून लवकर उडून जात नाही. म्हणूनच अनेक रेस ट्रॅकवर ग्लायकोलचं कूलंट चालत नाही, साधं पाणी भरायला लावतात.

रस्त्यात झालं तर

दिवा लागला की बाजूला घ्या, इंजिन बंद, चावी चालू ठेवून पंखा फिरू द्या. पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. दुसरं काही नसेल तर बाटलीचं पिण्याचं पाणी चालेल, घरी आल्यावर सगळं काढून नवं भरायचं. रेडिएटरला भोक असेल तर जागा कोरडी करून, पॉलिश पेपरने खरवडून, एम-सीलच्या दोन कांड्या मळून दाबा आणि पुडक्यावर लिहिलंय तेवढा वेळ खरंच थांबा. नंतर कॅप पहिल्या खाचेवरच ठेवली तर आत दाब तयार होत नाही आणि तो लेप टिकतो. पण दाब नाही म्हणजे कूलंट लवकर उकळतं, त्यामुळे चाळीसच्या वेगाने आणि दर काही किलोमीटरला थांबत. घाट समोर असेल तर टेम्पो बोलवा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. मी झाकणाच्या जुन्या कॅनमध्ये भरून, वर मार्करने "विष" असं लिहून, गॅरेजमध्ये जुनं ऑइल साठवतात तिथे देतो. वॉचमनकाका त्या कॅनकडे अजून संशयाने बघतात.